चित्रासमोर बोलायचं कशाला?

समकालीन कलेच्या दालनांत चित्रकाराशी गप्पा, क्युरेटरबरोबर फेरी, परिसंवाद, प्रात्यक्षिक असे जे कार्यक्रम होतात ते कशासाठी असतात, हा आजचा विषय. आपल्या माणमध्ये असं दालन नाही. आयटी पार्क आला, मेट्रोचा डेपो आला, पण चित्रं बघायची तर जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्वच्या कलादालनात जायचं, नाहीतर मुंबई गाठायची. तरी हा विषय मी इथंच घेतला, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक सप्ताहात कीर्तनाला बसणारे आहेत आणि उरलेले निम्मे रोज कंपनीत कुणाचं ना कुणाचं प्रेझेंटेशन ऐकणारे. ऐकण्याचा सराव दोघांनाही दांडगा आहे.

सुरुवातीलाच एक आक्षेप घेऊ, कारण तो खरा आक्षेप आहे. चित्र ही बघायची गोष्ट. ते चांगलं असेल तर आपलं आपण पोचेल. पोचत नसेल तर चित्रकारानं तासभर बोलून काय होणार? विनोद सांगून झाल्यावर तो समजावून सांगावा लागला तर त्यात काय राहिलं? चित्रकारांतही असं मानणारे पुष्कळ आहेत. वासुदेव गायतोंडे, नागपूरला १९२४ साली जन्मलेले, जे.जे.मध्ये शिकलेले, हे त्यांतलं सगळ्यात मोठं नाव. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, पण हयातीत हा माणूस फारसा बोललाच नाही. मात्र एक गोष्ट त्यांनी आग्रहानं सांगितली. माझ्या चित्रांना अमूर्त म्हणू नका, वस्तुनिरपेक्ष म्हणा. आता बघा, अमूर्त म्हटलं की आपण विचारतो, कशाचं अमूर्त? झाडाचं? समुद्राचं? आणि मग त्या रंगांच्या थरांत झाड शोधत बसतो. वस्तुनिरपेक्ष म्हटलं की तो शोध थांबतो, आणि रोलरनं, सुरीनं बसवलेले थर, त्यांतून येणारा उजेड याकडे डोळा वळतो. न बोलणाऱ्या माणसाचा एक शब्द, पण त्यानं आपलं बघणं बदललं.

आता हे कसं घडतं, याचा थोडा तात्त्विक विचार करू. घाबरू नका, लवकर आटपतो.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं १७९० साली सौंदर्याच्या निर्णयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं एक साधा फरक दाखवला. एखादं मद्य मला छान लागतं, असं मी म्हणतो तेव्हा 'मला' हा शब्द त्यात धरलेलाच असतो. दुसऱ्याला ते आवडलं नाही तर माझी तक्रार नाही. आपण मिसळीवरून भांडतो तेव्हासुद्धा शेवटी 'तुझी चव तुला, माझी मला' म्हणून सोडून देतो. पण 'हे सुंदर आहे' असं म्हणतो तेव्हा मी सगळ्यांच्या वतीनं बोलतो. तुम्हालाही ते तसं वाटायला हवं, अशी माझी मागणी असते. गंमत अशी की ही मागणी सिद्ध करायला माझ्याकडे नियम नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सिद्ध करता येते, तसं चित्राचं सौंदर्य सिद्ध करता येत नाही. म्हणजे दावा सगळ्यांसाठी, आणि पुरावा हातात नाही. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त, १९७४ साली, या सगळ्या प्रश्नाची फार कसून मांडणी केली आहे. ग्रंथ जाड आहे, पण वाचा.

मग पुरावा नसताना माणसं करतात काय? बोट दाखवतात. 'इथं बघ, हा निळा त्या कोपऱ्यातल्या निळ्यासारखा नाही.' 'ही रेघ इथं तुटली आहे, लक्षात आलं का?' अमेरिकन तत्त्वज्ञ आर्नल्ड आयझेनबर्ग यानं १९४९ मधल्या एका निबंधात हेच मांडलं. समीक्षक कारणं देतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो आपला डोळा विशिष्ट जागी नेतो. पटलं की नाही हे डोळ्यानंच ठरतं. म्हणून मी म्हणतो की दालनातलं बोलणं चित्रासमोर उभं राहूनच व्हायला हवं. चित्रं एका खोलीत आणि व्याख्यान दुसऱ्या खोलीत पडद्यावर, हा प्रकार मला पटत नाही. बोट दाखवायचं कुठं?

यात एक अडचण आहे. बोट दाखवणारा स्वतः चित्रकार असला की आपण त्याच्या बोटाकडेच बघत बसतो. त्यानं सांगितलं ना, हे आईबद्दल आहे, मग ते आईबद्दलच. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोघांनी १९४६ साली साहित्याच्या संदर्भात याला तर्कदोष म्हटलं. लेखकाचा हेतू काय होता यावरून कृतीचा अर्थ किंवा दर्जा ठरत नाही. कृती एकदा बाहेर पडली की ती सगळ्यांची. हे मला बहुतांशी मान्य आहे. पण यावरून चित्रकाराला बोलावूच नका, असं निघत नाही. चित्रकाराला काही गोष्टी माहीत असतात, ज्या दुसऱ्या कुणालाच माहीत नसतात. कॅनव्हास आधी उभा होता का आडवा, कोणता रंग खरवडून काढला, काय जमलं नाही म्हणून हे झालं. चित्र कसं झालं याबद्दल त्याचा शब्द प्रमाण. चित्र तुमच्यावर काय करतं, याबद्दल तुमचाही शब्द तितकाच प्रमाण. चांगल्या कार्यक्रमात हे दोन्ही अधिकार एकमेकांना भिडतात.

प्रभाकर बरवे यांचं उदाहरण घेऊ. जन्म १९३६, नागावचा, आपल्या कोकणातला. जे.जे.त शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी, आधी बनारस, नंतर मुंबई. १९९५ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ अशा अगदी रोजच्या वस्तू येतात, पण एकमेकांपासून सुट्या, मोठ्या मोकळ्या जागेत ठेवल्यासारख्या. आणि रंग? इनॅमल. आपण लोखंडी खिडकीच्या गजांना लावतो तो. तो सपाट बसतो, चकाकतो, ब्रशचा फटकारा राहू देत नाही. म्हणजे चित्रकाराचा हातच त्यातून पुसला जातो. हे कुणी दाखवलं नाही तर आपण घड्याळात किती वाजले ते बघत बसू. बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास' नावाचं पुस्तक लिहिलं. आकार, अवकाश आणि निर्मितीच्या वेळी मनात काय चालतं यावर मराठीत इतकं नेमकं लिहिणारे चित्रकार थोडे. गायतोंडे गप्प, बरवे लिहिते, दोघंही थोर. तेव्हा बोलण्यानं चित्र कमी होतं, ही समजूत आपण सोडून द्यायला हरकत नाही.

याच बरव्यांच्या प्रदर्शनात जे घडलं, त्याकडे मला जरा सविस्तर यायचं आहे.

मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, रीगलच्या चौकात. ती इमारत म्हणजे पूर्वीचा सर कावसजी जहांगीर हॉल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला सभांसाठी, संगीताच्या मैफलींसाठी. १९९६ मध्ये तिथं कला संग्रहालय सुरू झालं. म्हणजे भिंतीवर चित्रं लागायच्या कितीतरी आधीपासून ती बोलण्याची जागा होती. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथं बरव्यांच्या मोठ्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. वक्त्यांत अमोल पालेकर होते. आपण त्यांना नट, दिग्दर्शक म्हणून ओळखतो, पण ते जे.जे.चे विद्यार्थी, चित्रकार. बोलताना त्यांनी एक मुद्दा काढला. संग्रहालयाच्या मुंबई आणि बंगळूरु केंद्रांच्या, स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या आहेत आणि आता कुणाचं प्रदर्शन भरवायचं हे दिल्लीतून ठरणार, असं ऐकतो, त्याचं काय? त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. कार्यक्रम बरव्यांचा आहे, त्याबद्दलच बोला, असं सांगण्यात आलं. महिनाभरापूर्वीच यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं होतं; पालेकरांनी त्याची आठवण करून दिली. पुन्हा अडथळा आला आणि भाषण अपुरं राहिलं.

आयोजकांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. एका दिवंगत चित्रकाराचं काम गोळा करायला माणसांनी किती खपलेलं असतं! त्या संध्याकाळी चर्चा बरव्यांची व्हावी, ही अपेक्षा रास्त होती. लग्नाला बोलावलेल्या पाहुण्यानं घराच्या वाटणीचा विषय काढू नये, असं आपणही म्हणतो.

पण दालन म्हणजे लग्नघर नव्हे. 'विषयाला धरून बोला' हे वाक्य मी वर्गात हजारदा वापरलं आहे, त्यामुळे त्याची ताकद मला माहीत आहे. ते वाक्य बोलणाऱ्याला विषय कुठं संपतो हे ठरवण्याचा अधिकार देतं. आता विचार करा. या भिंतीवर बरवे आले, उद्या दुसरं कुणी येईल. ते कुणी निवडायचं, हा प्रश्न भिंतीवरच्या चित्राच्या विषयाबाहेरचा आहे का? कांटच्या भाषेत सांगायचं तर 'हे सुंदर आहे' हा दावा सगळ्यांच्या वतीनं केलेला असतो. सार्वजनिक पैशातून चालणारं संग्रहालय एखाद्याचं चित्र लावतं, तेव्हा तेही आपल्या सगळ्यांच्या वतीनं म्हणतं की हे बघण्याजोगं आहे. मग सगळ्यांना विचारायची मुभा हवी की हे कसं ठरलं. माझ्या मते पालेकर विषयाला धरूनच बोलत होते. वेळ चुकली असेल. विषय चुकला नाही.

खाजगी दालनांत वेगळी भीती असते, विक्रीची. एका शहरातल्या एका दालनात, नाव सोडून देऊ, मी चित्रांच्या किमतींबद्दल प्रश्न विचारला आणि संचालकबाई म्हणाल्या, 'चहा घेऊ या का?' चहा उत्तम होता. (हशा)

खरं बोलणं कित्येकदा कार्यक्रमाबाहेरच होतं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथं चित्रकार आठवडाभर आपल्याच चित्रांमध्ये खुर्ची टाकून बसलेला असतो. कुणीही आत यावं, त्याला विचारावं. पैसे पडत नाहीत. आणि तिथंच 'समोवार' नावाचं उपाहारगृह होतं, १९६४ पासून २०१५ पर्यंत. चित्रकार, कवी, नाटकवाले, कॉलेजची पोरं एकाच अरुंद जागेत. तिथल्या टेबलांवर जितकी कलाचर्चा झाली असेल, तितकी कुठल्या परिसंवादात झाली नसेल. ते बंद झालं याचं मला फार वाईट वाटतं.

प्रात्यक्षिकाबद्दल थोडंसं. आपल्याकडे सगळ्यात जास्त गर्दी व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकाला होते. वासुदेव कामत यांच्यासारखा कसलेला चित्रकार समोर माणूस बसवून दीड-दोन तासांत चेहरा उभा करतो, आणि लोक श्वास रोखून बघतात. कौशल्य डोळ्यांसमोर घडताना दिसतं, म्हणून ते आवडतं. आवडावंच. फक्त ते संपल्यावर टाळ्या होतात, प्रश्न क्वचित होतात. 'हुबेहूब' म्हटलं की सगळ्यांचं एकमत, मग बोलायचं काय?

आता भाषेचा मुद्दा. मुंबईतल्या दालनांतलं बहुतेक बोलणं इंग्रजीत चालतं, तेही अशा इंग्रजीत की इंग्रजी येणाऱ्यालाही घाम फुटावा. सुधीर पटवर्धन, पुण्यात जन्मलेले, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं काम केलेले चित्रकार, यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय कलेचं प्रदर्शन जुळवलं आणि २००८-०९ च्या सुमाराला ते महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरलं. मुंबईबाहेरच्या माणसाला मूळ चित्र बघायला मिळावं, हा त्यातला विचार मला मोलाचा वाटतो. छापील चित्रावरून बोट दाखवता येत नाही.

आपल्याकडे निरूपण हा शब्द आहे. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दीड-दोन तास त्याच्याभोवती फिरतो; पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येतो. एका चित्राभोवती असं तासभर फिरायला काय हरकत आहे? फरक एवढाच की कीर्तनात श्रोता मध्ये प्रश्न विचारत नाही. ते ग्रामसभेत विचारतात, आणि कसे विचारतात हे माणकरांना मी सांगायला नको. (हशा)

थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मला चित्रातलं काहीच कळत नाही. अशा कार्यक्रमात हात वर करायला लाज वाटते. काय विचारायचं?

उत्तर: ताई, 'याचा अर्थ काय' हे सोडून काहीही विचारा. अर्थ विचारला की चित्रकार एक तर चिडतो नाहीतर भाषण देतो. त्यापेक्षा विचारा, हे कशानं रंगवलं? आधी काय काढलं? इथं रंग इतका जाड का? हे चित्र पूर्ण झालं हे तुम्हाला कधी कळलं? हा शेवटचा प्रश्न मी खूप जणांना विचारला आहे आणि दोघांचं उत्तर कधी सारखं आलेलं नाही.

प्रश्न: मी इथं फेज तीनमध्ये नोकरी करतो. आमच्या सोसायटीत मोठा हॉल आहे. तिथं असं काही करता येईल?

उत्तर: येईल की. प्रदर्शन नको, एकच मूळ चित्र आणा. पुण्यात चित्रकार पुष्कळ आहेत, एखादा आनंदानं येईल. त्याच्या गाडीभाड्याची आणि मानधनाची सोय आधी करा, फुकटात बोलावू नका. वीस खुर्च्या पुरे. पहिली दहा मिनिटं कुणीच बोलू नका, नुसतं बघा. मग आधी बघणाऱ्यांनी बोलायचं, चित्रकारानं शेवटी. आणि गावातल्यांनाही बोलवा, फक्त सोसायटीवाल्यांचं करू नका. गेटवर वॉचमनला तसं आधी सांगून ठेवा, नाहीतर तो त्यांना आत सोडणार नाही.