जबलपूरचा हिशेब, सोलापूरचे कुंपण

जबलपूरहून कटनीकडे जाताना वाटेत स्लीमनाबाद लागते. विल्यम हेन्री स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याचे नाव या गावाने अजून जपले आहे. ठगांचा बीमोड करणारा साहेब तो हाच. ठगांची दहशत किती खरी आणि किती फुगवलेली, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. पण वाटेत माणसे मारली जात होती, हे नाकारता येत नाही.

स्लीमनपुढची अडचणही खरी होती. वाटसरूशी गोड बोलून सोबत करायची, रुमालाने गळा आवळायचा, प्रेत पुरायचे आणि पुढच्या मुक्कामाला लागायचे, ही ठगांची रीत. मेलेला माणूस परमुलखातला. त्याच्यासाठी फिर्याद कोण देणार आणि साक्ष कोण देणार? अमक्याने तमक्याला मारले हे सिद्ध होईना, आणि आरोपी सुटत.

स्लीमनने मग ठगांनाच फोडले. फिरंगिया नावाचा म्होरक्या हाती लागेना, तेव्हा त्याच्या आईला, बायकोला आणि मुलाला ताब्यात घेतले. 1830 च्या अखेरीस तो सापडला आणि माफीचा साक्षीदार झाला. सलोहदा इथल्या आमराईत स्लीमनचा तंबू पडला होता. फिरंगियाने तिथलीच जमीन खणायला लावली आणि खालून प्रेते निघाली. अनेक खून केलेली माणसे अशी फासावरून वाचली, कारण त्यांच्या जबानीवर इतरांना पकडता येत होते. 1836 च्या तिसाव्या कायद्याने तर खून सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढे शाबित झाले की जन्मठेप आणि सक्तमजुरी. टोळीतले दिवस कायदा होण्याआधीचे असले तरी सुटका नाही.

हे बरोबर की चूक? त्या काळच्या राज्यकर्त्यांकडे याचे उत्तर तयार होते. 1835 पर्यंत गव्हर्नर जनरल असलेल्या बेंटिंकवर जेरेमी बेंथमच्या विचारांची छाप होती. बेंथमने 1789 च्या आपल्या ग्रंथात मांडले की कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामांवरून ठरवावे. जिच्यामुळे जास्तीत जास्त लोकांचे सुख वाढते ती योग्य. मराठीत आपण याला उपयुक्ततावाद म्हणतो. हा विचार निष्ठुर नाही. राजाचे दुःख आणि भिकाऱ्याचे दुःख त्याने एकाच मापाने मोजायला सांगितले. त्याच्या तराजूत स्लीमनचे पारडे जड भरते: थोड्या खुन्यांना अभय, एका कुटुंबाला त्रास, आणि त्या बदल्यात हजारो वाटसरूंचा जीव सुरक्षित.

पण हिशेबाची वही कुठल्या तारखेला मिटायची? जबलपुरातच माफीच्या साक्षीदारांची वस्ती वसली आणि त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू शिवले जात, गालिचे विणले जात. बापांची कैद समजू शकते. त्यांच्याबरोबर मुलेही त्या वस्तीत अडकली. त्यांनी कोणाचा गळा आवळला नव्हता. पुढे आवळतील ही भीती होती, एवढेच.

याच भीतीचा पुढे मोठा कायदा झाला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे एक मूळ अभ्यासक ठगीविरोधी कायद्यातच शोधतात. सबंध जमातच गुन्हेगार ठरली. हा कायदा पुढे आपल्याकडेही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबे ठेवली गेली. त्यांच्यातले कित्येक जण गिरणीत राबत, ठरल्या वेळी हजेरी देत आणि बाहेर जायचे तर परवानगी मागत. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंट म्हणतात.

माझे मत स्पष्ट आहे. परिणाम मोजणे चूक नाही, ते अर्धवट मोजणे चूक आहे. 1836 मध्ये सुरक्षित झालेले रस्ते वहीत जमा झाले, पण ‘काय केलेस’ ऐवजी ‘कोणाचा आहेस’ हे विचारण्याची सरकारला लागलेली सवय कोणी खर्ची टाकली नाही. त्या सवयीची किंमत पाळण्यातल्या लेकरांनीही मोजली. उपयुक्ततावाद्यांनीच पुढे मान्य केले की एकेका कृतीचे फळ पाहून भागत नाही. तीच रीत नियम होऊन बसली तर काय होईल, हेही तोलावे लागते.

गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभरातून गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. शिक्का मात्र गेला नाही. त्याचा दाह लक्ष्मण गायकवाड यांच्या 1987 च्या ‘उचल्या’ या आत्मकथनात वाचायला मिळतो. तुमच्या गावात चोरी झाली आणि पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालाकडे वळली, तर तिथे उभे राहून एकच गोष्ट विचारा: या पोराने काय केले आहे?