दाताची कीड: कोरण्याऐवजी थांबवणे

दात एका दिवसात किडत नाही. दातांवर साचलेल्या चिकट थरातले जिवाणू साखर पचवून आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरला, की दातावरच्या कठीण आवरणातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जाऊ लागतात. काही वेळाने लाळ आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजे दातात परत बसू लागतात. दिवसभर गोड खाणे चालू राहिले तर मात्र भरपाईपेक्षा झीज जास्त होते. आधी पांढुरका डाग दिसतो, मग खड्डा पडतो. डागाच्या टप्प्यावर कीड थांबवता येते. फ्लोराइडमुळे खनिजे परत बसण्याचा वेग वाढतो, म्हणून टूथपेस्टमध्ये त्याचे महत्त्व आहे.

विसाव्या शतकात बराच काळ उपचार सुरू होई तो खड्ड्यापासून. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या पद्धतीत किडीबरोबर आजूबाजूचा निरोगी भागही कोरला जाई. भरायची चांदी दाताला चिकटत नसल्याने ती अडकून राहील असा आकार खड्ड्याला द्यावा लागे. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर आम्ल लावले की रेझिन त्याला घट्ट धरते, हे दाखवले. चिकटणारी साहित्ये आली आणि मोठे खड्डे कोरण्याचे कारण उरले नाही. दात भरायच्या या चांदीत पारा असल्याने तिचा वापरही घटत आहे. युरोपीय संघाने 2025 पासून तो जवळजवळ बंद केला.

खोल किडीबाबतचा सल्लाही बदलला आहे. नसेजवळचा मऊ भाग पूर्ण खरवडला तर नस उघडी पडण्याचा धोका असतो. तो थोडा तसाच ठेवून वरून घट्ट भरले, तर आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि कीड थंडावते. याच तत्त्वावर स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांनी मुलांच्या दुधाच्या दाढांवर भूल न देता, न कोरता स्टीलच्या कॅप बसवल्या. डंडी येथील चाचणीत नेहमीच्या भरण्यापेक्षा या कॅप जास्त टिकल्या.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव ब्रशने लावतात. त्यातली चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात कठीण करते. जपानमध्ये ते अनेक दशके वापरात आहे आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हा त्याचा मोठा तोटा. तरीही खुर्चीत स्थिर न बसणारी लहान मुले आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्यासाठी ते सोयीचे ठरते.

यामुळे दंतवैद्याचे कामही बदलत आहे. कोणत्या रुग्णाला किडीचा धोका जास्त, तो दिवसातून किती वेळा गोड खातो, लाळ पुरेशी सुटते का, डाग वाढतोय की थांबलाय, हे पाहणे उपचाराचाच भाग झाले आहे. स्थानिक परिस्थितीही लक्षात घ्यावी लागते: यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असल्याने दातांवर किडीचे नसलेले डाग पडतात. कीड नसेपर्यंत पोचली, तर मात्र रूट कॅनाल किंवा दात काढणे बहुधा टळत नाही.