दाम देणारा पाहुणा

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. कोकणच्या किनाऱ्यावर दिवेआगर, आंजर्ले, गुहागर अशा गावांतून मात्र ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी वाचून येणारा पाहुणा तिथी ठरवून येतो आणि जाताना दाम मोजतो. मग हे आतिथ्य म्हणावे, की निव्वळ व्यवहार?

उत्तर घराच्या मांडणीतच आहे. पुढे अंगण, मग ओटी, आत माजघर आणि पाठीमागे नारळी-पोफळीची वाडी. पाहुण्याची खोली याच आवारात असते. हॉटेलात जे काम नोकरांकडे असते, ते येथे घरच्यांच्या नित्यक्रमात मिसळून जाते. सकाळी घरच्यांसाठी ऊन मऊभात, तूप-मेतकूट किंवा घावन होते, तेच पाहुण्याच्या पानात पडते. वाडीला पाणी लावता लावता यजमान पोफळीवर चढविलेला मिरवेल दाखवितात. ही माहिती विकत मिळत नाही. ती बोलण्याच्या ओघात येते. केंद्र सरकारच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेनेही हेच मर्म ओळखले. मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि पाहुण्यांच्या खोल्या सहांपेक्षा अधिक नसाव्यात, अशा अटी तिने घातल्या. यजमानच घरात नसेल, तर उरते ती केवळ भाड्याची खोली.

या दामाला कमी लेखण्याचेही कारण नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात. नारळही तितकाच वेळ घेतो. अशा काळात पाहुण्याने दिलेले पैसे म्हणजे वाडी पुन्हा उभी राहीपर्यंतचा आधार होय. पण ज्या सावलीसाठी पाहुणा येतो, ती सावलीही वाडीचीच. वाडी आणि पाहुणा ही दोन्ही उत्पन्ने अशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

या साऱ्याचा भार बहुधा घरातील गृहिणीवर पडतो. तिच्या हसतमुख स्वागतामागे पहाटेपासूनचे कष्ट असतात, आणि ते दरपत्रकात दिसत नाहीत. म्हणून जेवणारी माणसे किती, हे आधी कळविणे, ठरल्या वेळी पानावर बसणे, रात्री घर निजल्यावर आवाज न करणे, हा पाहुण्याचा धर्म ठरतो. गणपतीत घरचीच माणसे गोळा होतात. तेव्हा ‘यंदा जागा नाही’ असे सांगण्याचा यजमानांचा अधिकारही त्याने आनंदाने मानावा.

दाम खोलीचा आणि अन्नाचा असतो; आपुलकीचा नव्हे. हा भेद दोघांनी जाणला, तर व्यवहाराने आतिथ्य बाटत नाही, उलट टिकून राहते.