अंग बाहेर येणे : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

आपल्या बायका ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, त्यावर एकदा शस्त्रक्रिया झाली की दुखणे कायमचे गेले, अशी समजूत ओरोसपासून मुंबईपर्यंत आढळते. आम्हांला ती तपासून पाहावीशी वाटते.

बाळंतपणात गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायू व बंध ताणले जातात. पुढे वय, जुनाट खोकला आणि जड ओझी त्यांना आणखी सैल करतात. मँचेस्टरच्या डोनाल्ड यांनी 1888 साली सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत हेच बंध आखडून घेतात. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी (हे शिरोडे गोव्यातले, आपल्या वेंगुर्ल्याकडचे नव्हे) तरुण स्त्रियांसाठी निराळी वाट काढली. गर्भाशयाला मागून पट्टी जोडून ती कण्याच्या तळच्या हाडाला बांधायची, म्हणजे पुढे मूल होण्याची आशा तुटत नाही.

पण शिवण नवी असली तरी कापड जुनेच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत योनीमार्गे केलेल्या दोन शस्त्रक्रियांना पाच वर्षांनी कडक कसोटी लावली, तेव्हा निम्म्याहून अधिक अपयशी ठरल्या. तरीही एकंदरीने त्या स्त्रियांना पडलेला आराम टिकून होता! डॉक्टर अंतर मोजतो, बाई त्रास मोजते. कृत्रिम जाळीवर मोठी भिस्त होती; परंतु ती आत उघडी पडू लागली, वेदना होऊ लागल्या, आणि 2019 साली अमेरिकेत योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री थांबवण्याचा हुकूम निघाला.

आम्हांला खटकते ते हे, की टाके विरघळतात न विरघळतात तोच घरची माणसे तिला पुन्हा भाताच्या भाऱ्याखाली उभी करतात. पुढे काही उतरल्यासारखे वाटले, लघवी अडू लागली, तर तिने पुन्हा दाखवावे. दर वेळी कापावेच लागते असे नाही. साधी कडी बसवूनही पुष्कळ जणींचे भागते.