एका सर्व्हरवरील अनेक वेब अनुप्रयोग : डोमेननामाधारित मार्गनिर्धारण आणि दोषशोधन

प्रस्तावना : महाविद्यालयाच्या एकाच सर्व्हरवर ग्रंथालयाची तालिका, निकाल आणि प्रवेश-अर्ज असे तीन अनुप्रयोग चालतात, असे समजू. प्रत्येकास स्वतंत्र उपडोमेन आहे. आयपी पत्ता मात्र समान आहे. निकालाचे नाव टंकले असता ग्रंथालयाची तालिका उघडते. अशा वेळी दोष बहुधा निकालाच्या प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. वस्तुतः विनंती तेथवर पोहोचलेलीच नसते. अर्जाच्या अंतिम दिनी असे घडल्यास त्याची झळ विद्यार्थ्यास बसते. म्हणून या यंत्रणेचे ज्ञान केवळ संगणक विभागापुरते मर्यादित राहू नये.

मार्गनिर्धारणाचे स्वरूप : डीएनएस नावावरून केवळ आयपी पत्ता देते. कोणते संकेतस्थळ हवे, हे ब्राउझर विनंतीच्या 'होस्ट' या शीर्षओळीत कळवितो. 1997 साली एचटीटीपी 1.1 मध्ये ही ओळ अनिवार्य झाली आणि एका पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदणे सुकर झाले.

दोषशोधन : प्रथम डीएनएसचे उत्तर तपासावे. ते योग्य असल्यास दोष सर्व्हरच्या मांडणीत आहे. येथेच वरील कोड्याची उकल होते. अपाचे सर्व्हरला होस्ट-नावाशी जुळणारा विभाग सापडला नाही, तर तो विनंती नाकारत नाही; त्या पत्त्यासाठी व पोर्टसाठी सर्वप्रथम वाचलेल्या विभागाकडे ती सोपवितो. मांडणीच्या फाइली सामान्यतः वर्णानुक्रमे वाचल्या जातात. रोमन लिपीत ग्रंथालयाचा 'जी' हा निकालाच्या 'एन'पूर्वी येतो. निकालाच्या विभागात नावाचे एखादे अक्षर चुकले, अथवा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह असलेले पर्यायी नाव नोंदविले नाही, की ग्रंथालय उघडते. (2012 मधील 2.4 आवृत्तीपूर्वी 'नेमव्हर्च्युअलहोस्ट' ही आज्ञा विसरल्यासही हाच परिणाम होत असे.) अपाचेच्या नियंत्रण-आज्ञेस मोठ्या लिपीतील 'एस' हा पर्याय जोडल्यास सर्व विभाग व त्यांतील मूलभूत विभाग कोणता, याची यादी मिळते. ती वाचण्यास मिनिटभर लागते. तरीही ती क्वचितच पाहिली जाते. सर्वांत आधी वाचला जाणारा एक रिकामा, 'पृष्ठ सापडले नाही' एवढेच सांगणारा विभाग ठेवणे इष्ट, कारण मग चूक दुसऱ्या संकेतस्थळाचा मुखवटा धारण करीत नाही.

पोर्ट 80 वर सर्व सुरळीत आणि 443 वर गोंधळ, हा दुसरा प्रकार. सुरक्षित जोडणीत प्रमाणपत्र होस्ट-ओळ वाचण्यापूर्वीच सादर करावे लागते. त्यासाठी जोडणीच्या आरंभीच नाव कळविणारा 'एसएनआय' हा विस्तार 2003 मध्ये प्रमाणित झाला. मात्र 443 साठी निकालाचा विभागच लिहिलेला नसेल, तर दुसऱ्याच नावाचे प्रमाणपत्र पुढे येते व ब्राउझर इशारा देतो.

अनुप्रयोग मध्यस्थ सर्व्हरमागे असल्यास आणखी एक अडचण संभवते. अपाचे व एनजिनएक्स हे दोन्ही सर्व्हर, वेगळी सूचना नसल्यास, मागे पाठविताना होस्ट-ओळ बदलतात. परिणामी अनुप्रयोग 'लोकलहोस्ट'कडे नेणारे दुवे तयार करू शकतो. मूळ नाव कायम ठेवण्याची सूचना मांडणीत स्पष्टपणे द्यावी लागते.

दुरुस्तीनंतरही जुनेच पान दिसल्यास सर्व्हरला लगेच दोष देऊ नये. 301 क्रमांकाचे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन ब्राउझर स्मरणात ठेवतो. पडताळणी दुसऱ्या ब्राउझरमधून करावी.