वाटी आणि वाट

सिंहगड चढताना गुडघे कुणाला आठवत नाहीत. दम लागतो, कांदाभजी आठवतात, मडक्यातलं दही आठवतं. गुडघे आठवतात ते परत आतकरवाडीकडे उतरताना. गेल्या पावसाळ्यात अर्ध्या वाटेवर माझ्या उजव्या गुडघ्यात पुढून, अगदी वाटीभोवती, कळ आली आणि ती मुक्कामालाच राहिली. जिना चढताना थोडी, उतरताना जास्त. आणि कहर म्हणजे नाटकाला बसलो, तर मध्यंतरापर्यंत गुडघा असा आखडे की उभं राहायला शेजाऱ्याचा खांदा लागे. (डॉक्टरांच्या भाषेत या लक्षणाला चक्क ‘थिएटर साइन’ म्हणतात हे नंतर कळलं.)

निदान घरच्या घरी झालं होतं. बायको म्हणाली, “वाटी झिजली.” शेजारचे काका त्याच्याही पुढे गेले, “वंगण संपलं.” फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मात्र गुडघा चाचपला, मला एका पायावर अर्धी उठाबशी काढायला लावली, आणि म्हणाल्या, “आता डाव्या कुशीवर व्हा. वरचा पाय सरळ ठेवून उचला.”

“मॅडम, दुखतोय गुडघा आणि व्यायाम कुल्ल्याचा?”

“उचला तर,” त्या म्हणाल्या.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वैद्यकाला कितीतरी वर्षं लागली, आणि ते अजून पुरतं सापडलेलं नाही, हे मला मागाहून वाचताना समजलं. तोवर मी वाटीच्या प्रेमात पडलो होतो.

लॅटिनमध्ये तिला पटेला म्हणतात. अर्थ, लहानशी थाळी. म्हणजे रोमन लोकांनाही गुडघ्यावर स्वयंपाकघरातलं भांडंच दिसलं. हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला खिळलेलं नाही. मांडीच्या पुढच्या दणकट स्नायूची कंडरा गुडघ्यावरून नडगीकडे उतरते, तिच्या पोटात ते रुतून बसलेलं असतं. कंडरेत वाढणाऱ्या अशा हाडांना शरीरशास्त्रात तिळावरून नाव पडलं आहे, आणि आपल्या अंगातला सगळ्यात मोठा तीळ म्हणजे ही वाटी. जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्यात ती हाडाची नसतेच. असते मऊ कूर्चेची, आणि साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड धरू लागतं. रांगण्याचे सगळे महिने मूल कूर्चेच्या वाट्यांवर घर पालथं घालतं.

वाटीचं काम तरफेचं. ती कंडरेला सांध्यापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे स्नायूचा तेवढाच जोर अधिक कामी येतो. १९३७ मध्ये राल्फ ब्रूक या इंग्रज शल्यवैद्याने ही वाटी बिनकामाची असल्याचं मांडलं, आणि मोडलेली वाटी सरळ काढून टाकण्याच्या पद्धतीला त्यामुळे बळ मिळालं. पुढे मोजमापं झाली तेव्हा दिसलं की वाटी नसेल तर पाय पूर्ण ताठ करायला मांडीला ३० टक्क्यांच्या आसपास जादा जोर लावावा लागतो. बिनकामाची म्हणे!

या मदतीची किंमत वाटी दाब सोसून चुकती करते. रायली आणि मार्टेन्स या संशोधकांनी १९७२ मध्ये हिशेब केला. सपाटीवर चालताना वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते ती शरीराच्या वजनाच्या निम्म्याने. जिन्यावर ३.३ पटीने. खोल उठाबशीत ७.६ पटीने. माझं वजन ६५ किलो. म्हणजे सपाटीवर तेहतीसेक किलो, जिन्यावर दोनशेच्या वर आणि उठाबशीत पाचशेच्या घरात. वाटीच्या पाठीवर शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा आहे ती यासाठी.

आता खरी गंमत. या कूर्चेत रक्तवाहिनी नाही, आणि दुखणं सांगणारी नसही नाही. मग दुखतं काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कॉट डाय या अस्थिशल्यविशारदाने हे स्वतःच्या गुडघ्यांवर तपासलं. फक्त कातडीला भूल. सांध्याच्या आत काही नाही. सहकारी दुर्बिणीतून पाहत बोथट सळईने आतला एकेक भाग दाबत गेला, आणि डाय जागेपणी सांगत गेले की कुठे, किती दुखतंय. १९९८ मध्ये हा दुखण्याचा नकाशा छापून आला. वाटीमागच्या कूर्चेवर सळई टेकवली तर त्यांना दुखलंच नाही. पण वाटीखालच्या चरबीच्या गादीला आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला स्पर्श झाला तेव्हा जीव कळवळला. वाटी मुकी आहे, बोंब मारतात ते तिचे शेजारी. ‘झिजली म्हणून दुखते’ हे वाक्य तिथेच लंगडं पडतं. गुडघ्यातल्या कटकट आवाजाचंही तेच; न दुखणारे कितीतरी गुडघे आवाज करतात.

उपचारांची कथा याहून वळणावळणाची आहे. १९८६ मध्ये जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने चिकटपट्टीची पद्धत मांडली. विचार सरळ होता. वाटी आपल्या खाचेतून बाहेरच्या अंगाला ओढली जाते, तर पट्टीने तिला आत ओढून धरा आणि मांडीचा आतला स्नायू तयार करा. पट्टी लावली की अनेकांना पायरी उतरताना त्याच घटकेला बरं वाटतं. अगदी जादू. मग लोकांनी पट्टीखाली वाटी खरंच सरकते का ते मोजलं. कधी किंचित सरकलेली दिसली, कधी जागची हललीच नव्हती. उपचार लागू पडला, कारण निसटलं. मला ही गोष्ट फार आवडते.

मग दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर पॉवर्स यांच्या गटाने, गुडघा वजन पेलत असताना त्याचा एमआरआय काढला. आडवं पडून किंवा बसून पाय सरळ केला, की वाटी सरकते. पण पायावर भार देऊन गुडघा वाकवला तेव्हा वाटी बरीचशी जागेवर होती. तिच्याखाली मांडीचं हाडच आत वळत होतं. वाटी वाट चुकली नव्हती, वाटच तिच्या पायाखालून सरकत होती! आणि मांडीच्या हाडाला आत वळू न देणारे स्नायू कुठे असतात? खुब्याच्या बाजूला, कुल्ल्यात. मॅडमनी मला कुशीवर का झोपवलं त्याचं मूळ इथे.

मात्र इथेही पट्टीसारखाच फासा उलटा पडतो. खुब्याचे व्यायाम करून अनेकांचं दुखणं कमी होतं, पण हाडाचं ते आत वळणं पुष्कळदा होतं तसंच राहतं. ज्यांचा खुबा कमजोर त्यांनाच पुढे हे दुखणं होतं, असंही माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून नीट सिद्ध झालेलं नाही. तरी खुबा आणि मांडी या दोन्हींचा मिळून व्यायाम हाच आजचा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे.

व्यायामातला कोन ही वेगळीच करामत. उभ्याने उठाबशी काढताना जितकं खोल जाल तितका वाटीमागचा दाब वाढतो. खुर्चीत बसून घोट्याला वजन बांधून पाय सरळ करताना बरोबर उलटं घडतं. पाय ताठ होत जातो तसा वजनाचा दांडा लांबतो, शिवाय वाटीचा खाचेला टेकलेला भाग लहान होत जातो. १९९३ मधल्या एका अभ्यासात, उठाबशीऐवजी पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम घेऊन, दाबाच्या अशा दोन आलेखांची गुडघा ४८ अंशांच्या आसपास वाकलेला असताना गाठ पडली. म्हणून दुखऱ्या गुडघ्याला उभ्याने फक्त अर्ध्या खुर्चीपर्यंत वाकवतात, आणि बसल्याने काटकोनापासून निम्मा सरळ होईपर्यंतच उचलवतात. एकाच सांध्याला दोन व्यायामांत विसावा मिळतो तो उलट टोकांना.

शेक देणारी, गुणगुणणारी यंत्रं? या दुखण्याच्या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये ती सुचवू नयेत असंच म्हटलं. दुर्बिणीची शस्त्रक्रियाही हेलसिंकीच्या ५६ रुग्णांत व्यायामाला वरचढ ठरली नाही. (गुडघा सुजला, अडकून बसला किंवा मार लागल्यावर भार पेलेना, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा.)

सगळ्यात चकित केलं ते क्वेबेकच्या अभ्यासाने. गुडघा दुखणारे ६९ धावपटू, तीन गट. एकाला फक्त समजावून सांगितलं, दुसऱ्याला वर व्यायाम दिला, तिसऱ्याला वर पावलं जलद आणि हलकी टाकायला शिकवलं. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच सुधारले होते. समजावलं काय होतं? अंतर कमी करा, उतार आणि वेग काही काळ टाळा, दुखणं दहापैकी दोनच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि तासाभरात ते पूर्वपदावर यायला हवं. डाय यांची कल्पना इथे जुळते. प्रत्येक गुडघ्याची पेलण्याची एक चौकट असते, ती ओलांडली की शेजारी चिडतात. माझ्या गुडघ्याची चौकट महिनाभर खुर्चीत बसून काढल्यावर अचानक सिंहगडाएवढी थोडीच होणार होती?

मॅडमनी पहिल्या दिवशी मला पुस्तकाइतक्या उंच पाटावरून एका पायाने उतरायला लावलं होतं. दहा वेळा, आरशासमोर, गुडघा आत न पडू देता. तीन महिन्यांनी पाटाची जागा जिन्याच्या पायरीने घेतली. परवा तिसऱ्या मजल्यावरून कठड्याला हात न लावता उतरलो. वाटी अजून कटकट करते. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, “बघ, सांगत होतो ना, वंगण.”