आवाज कानात, मग घंटा तिकडे कशी?

मंडळी, क्षणभर डोळे मिटू या. समजा, आपण रामकुंडावर उभे आहोत. डावीकडे देवळातली घंटा वाजते आहे, मागून ढोल जवळ येतोय, उजवीकडे कुणीतरी नारळ फोडला. डोळे मिटलेले, तरी कोण कुठे आहे हे आपल्याला कळतं. हे 'कुठे' आपल्याला कोण सांगतं?

प्रश्न जुना आहे. न्याय-वैशेषिक म्हणतात, पाण्यावर लाटेतून लाट उठावी तसा शब्दातून शब्द उपजत पुढे येतो आणि कानाशी पोहोचतो तोच आपण ऐकतो. हा वीचीतरंगन्याय. पण मग घंटा कानात वाजते असं न वाटता 'तिकडे' वाजते असं का वाटतं? अभिधर्मातले बौद्ध आचार्य म्हणाले, कान विषयाला न भिडता, दुरूनच ऐकतो. कुणाचं खरं?

आता जरा मोजमाप करू. दोन कानांत अंतर वीतभर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. घंटा अगदी डावीकडे असेल तर तिचा आवाज उजव्या कानाला फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एवढासा उशीर मेंदू टिपतो, बरं का! शिवाय उंच पट्टीच्या आवाजांना डोकं आडवं येतं, म्हणून पलीकडच्या कानाला ते बारीक ऐकू येतात. आणि पुढचं-मागचं, वरचं-खालचं ओळखायला कानाच्या पाळीच्या घड्या मदत करतात. आवाज जिथून येईल तसा त्या त्याचा पोत किंचित बदलतात.

मग हेच फरक जसेच्या तसे टिपले तर? 'बायनॉरल' ध्वनिमुद्रण ते हेच. माणसाच्या डोक्याएवढा पुतळा घ्यायचा, त्याला खऱ्यासारखे कान लावायचे आणि दोन्ही कानांत एकेक मायक्रोफोन बसवायचा. डाव्या कानाचं मुद्रण आपल्या डाव्या कानात, उजव्याचं उजव्यात. इथे हेडफोनच हवा; स्पीकर लावले तर डाव्याचा आवाज उजव्या कानातही शिरतो आणि फरक पुसट होतो. दोन कानांना दोन वेगळे आवाज देण्याची ही युक्ती जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराचं गाणं टेलिफोनवरून ऐकवलं. श्रोते दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावत आणि गायक मंचावर कुठे आहे, याचा त्यांना अंदाज येई.

यात दोन अडचणी मात्र आहेत. पुतळ्याचे कान आपले नव्हेत. म्हणून समोरचा आवाज कधी मागून आल्यासारखा वाटतो. दुसरी त्याहून मोठी. घाटावर आपण मान वळवली तरी घंटा जागेवरच राहते. हेडफोनमध्ये मान वळवली की अख्खा घाटच आपल्याबरोबर फिरतो! म्हणून काही नवे हेडफोन मानेची हालचाल ओळखून आवाज उलट दिशेला सरकवतात.

तेव्हा नैयायिकांचं एक म्हणणं टिकतं: आवाज कानाशीच पोहोचतो. 'तिकडे' हे मात्र त्यात आयतं नसतं. दोन कानांतल्या फरकावरून आपण ते ठरवतो आणि मान वळवून पडताळतो.

हे आमच्या वयाच्या माणसांच्या फार कामाचं आहे. एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं की हॉर्न ऐकू येतो, पण गाडी कुठून येतेय ते नीट कळत नाही. घरचे म्हणतात, "ऐकू तर येतं ना!" येतं हो, पण 'कुठून' हे हरवतं. म्हणून अशा माणसाला मागून हाका मारू नका. समोर येऊन बोला. रस्ता ओलांडताना त्याला थांबून दोन्हीकडे मान वळवू द्या, हात ओढू नका. आणि एक कान कमी ऐकतोय असं वाटलं, तर दुसरा चांगला आहे म्हणून तपासणी टाळू नका.